मुद्देमाल आणि माणूस



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या गुणवर्णनाने वक्त्याने आरंभ करावा, असा येथील शिरस्ता आहे. तो मोडण्याचे धाडस मी करीत नाही. परंतु ज्याच्याकडून फी मिळण्याचा संभव नाही अशा अशिलाची बाजूही ते इतरांच्या इतक्याच कसोशीने मांडीत, एवढे सांगितले म्हणजे त्यांच्या स्मृतीला कोणता विषय साजेल हे निराळे सांगावयास नको. अमली पदार्थांच्या आहारी गेलेला मनुष्य हा असाच अशील आहे. त्याच्याजवळ पैसा उरलेला नसतो, पत उरलेली नसते, आणि त्याच्या वतीने कोणी बोलू लागला तर श्रोत्यांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, याला एवढा कळवळा येण्याचे कारण काय?

मी वैद्य नव्हे आणि समाजसेवक म्हणवून घेण्याचाही मला अधिकार नाही. माझी हयात न्यायखात्याच्या चाकरीत, जिल्ह्याजिल्ह्यांच्या दप्तरांत गेली. म्हणून या विषयाकडे मी पाहतो तो दप्तराच्या बाजूने पाहतो. त्या बाजूने जे दिसते ते असे की, गेल्या दोनशे वर्षांत या देशावर ज्या ज्या राजवटी आल्या त्या सर्वांनी मादक द्रव्याचा हिशेब मोठ्या चोखपणे ठेवला, त्याचे वजन केले, त्यावर जकात बसविली, पुढे ते जप्त केले आणि जाळले. परंतु ते द्रव्य ज्याच्या देहात गेले त्या मनुष्याची नोंद करण्याची तसदी त्यांपैकी क्वचितच कोणी घेतली.

हे आरोपासारखे वाटेल, म्हणून थोडा इतिहास सांगतो. पाटणा आणि बनारस या प्रांतांतील अफूचा मक्ता कंपनी सरकारने आपल्या हाती ठेविला होता; माळव्यातील अफू मात्र शिंदे-होळकरांच्या मुलुखात पिके, आणि तेथील सावकार ती उंटांवर आणि बैलांवर लादून सिंधमार्गे कराचीस, किंवा फिरंग्यांच्या दमण बंदरातून चीनकडे रवाना करीत. हा माल अडविता येत नाही असे दिसून आल्यावर, १८३० नंतर कंपनीने तो मुंबई बंदरातून जाऊ देण्याचे आणि दर पेटीमागे पासाची फी वसूल करण्याचे धोरण पत्करिले. आणि १८४३ साली सिंध घेतल्यावर कराचीची वाट कंपनीच्याच ताब्यात आली, तेव्हा ही फी वाढवीत वाढवीत पुढील वीस वर्षांत काही पटींवर नेली. सुमारे १४० पौंड वजनाची एक पेटी, अशा हजारो पेट्या वर्षाकाठी मुंबईच्या धक्क्यावरून गेल्या. ज्या शेठसावकारांनी या व्यापारात गडगंज संपत्ती मिळविली त्यांच्याच दातृत्वातून आपल्या या शहरातील इस्पितळे आणि धर्मशाळा उभ्या राहिल्या, ही गोष्ट सर्वश्रुत आहे आणि तीत मला उपहास करावयाचा नाही. अफूच्या पैशातून बांधलेल्या इस्पितळातही जखमी मनुष्य बरा होतोच. नोंदण्याजोगी गोष्ट एवढीच की, त्या काळच्या कागदोपत्री पेट्यांची संख्या शेवटच्या पेटीपर्यंत मिळते, आणि ती अफू येथे खाणाऱ्यांची संख्या कोठेही मिळत नाही.

येथे ती खाल्ली जात नव्हती असे नाही. आबकारीची दुकाने लिलावाने मक्त्यास दिली जात, आणि सरकारी तिजोरीचा त्यात मोठा वाटा असे. गिरणगावातील कामकरी आया दिवसपाळीस जाताना तान्ह्या मुलास अफूची ‘बाळागोळी’ देऊन निजवीत आणि संध्याकाळी येऊन त्याला जागे करीत, ही चाल विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपर्यंत इतकी रुळलेली होती की, तीत कोणाला काही वावगे वाटत नसे. त्या माउल्यांना दोष देणे सोपे आहे. दहा-बारा तास मूल सांभाळावयास दुसरे कोणी नव्हते, हे ध्यानी घेणे त्याहून थोडे अवघड आहे. १८९३ साली विलायतेतील नीतिवादी मंडळींच्या आग्रहावरून अफूविषयी एक राजनियुक्त आयोग नेमला गेला. त्याने शेकडो साक्षी घेतल्या, जाडजूड खंड छापले आणि १८९५ साली असा निर्वाळा दिला की, हिंदुस्थानात अफूबंदी करण्याचे कारण नाही. त्याच सुमारास गांजा-भांगेसंबंधी नेमलेल्या दुसऱ्या आयोगाचाही निष्कर्ष बंदीच्या विरुद्धच पडला. त्या निष्कर्षांची चिकित्सा येथे करीत बसत नाही. सरकारपुढे जी निवड होती ती द्रव्य विकू द्यावे की न द्यावे एवढीच होती, आणि ज्याला ते सुटत नाही त्याने कोठे जावे, हा त्या चर्चेचा विषयच नव्हता, इतके लक्षात ठेवावे.

स्वराज्य आले आणि संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने, औषधी उपयोग वगळता मादक पेये आणि द्रव्ये यांच्या सेवनास बंदी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. मुंबई राज्याने तर १९४९ सालीच दारूबंदीचा कायदा करून पुढचे पाऊल टाकले होते. त्या कायद्याच्या यशापयशाविषयी उभ्या महाराष्ट्राची मते ठरलेली आहेत, तेव्हा मी त्यांत भर घालीत नाही. फक्त त्यातील एका विनोदाकडे लक्ष वेधतो. प्रकृतीच्या कारणास्तव मद्यपानाचा परवाना देण्याची सोय त्यात होती. म्हणजे या कायद्याने आपल्या दप्तरात रुग्ण म्हणून ज्याची नोंद घेतली तो एकच, आणि त्याचे औषध दारू!

अमली पदार्थांची ज्याला आपण साथ म्हणू ती आपल्याकडे त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १९८० च्या आगेमागे आली. इराणातील राज्यक्रांती आणि अफगाणिस्तानातील युद्ध यांमुळे तिकडील हेरॉइनच्या वाटा बदलल्या आणि त्यांतील एक वाट मुंबईवरून गेली. शुद्ध हेरॉइन पुढे पश्चिमेकडे जाई. येथे मागे राही ती तपकिरी रंगाची ओबडधोबड भुकटी, जिला इंग्रजी वर्तमानपत्रांनी ब्राऊन शुगर आणि आपल्या पोरांनी ‘गर्द’ म्हटले. पन्नीवर ती ठेवावी, खालून काडी ओढावी आणि वर उठणारा धूर नळीने ओढून घ्यावा, इतकी ही कृती सोपी. सुईची भीती नाही, वास फारसा नाही, पुडी स्वस्त. गोदीतील हमालापासून महाविद्यालयातील मुलापर्यंत ती पोहोचण्यास दोन-तीन वर्षे पुरली. सरकार जागे झाले आणि १९८५ साली तो कायदा आला ज्याचे मराठी नाव गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम असे असून, ते उच्चारण्यास लागणारा श्वास वाचविण्यासाठी वकील मंडळी एन. डी. पी. एस. म्हणतात.

हा कायदा कडक आहे आणि व्यापाऱ्याच्या बाबतीत तो कडक असावा, याविषयी मला शंका नाही. परंतु त्याचे स्वरूप पाहा. २००१ च्या दुरुस्तीनंतर त्यातील शिक्षेचे सगळे गणित वजनावर बसविलेले आहे. हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत असेल तर अल्प मात्रा, २५० ग्रॅमपासून व्यापारी मात्रा. गांजा एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोपासून व्यापारी. चरस १०० ग्रॅम आणि एक किलो. तेव्हा न्यायासनासमोर खटला उभा राहिला म्हणजे चर्चा सुरू होते ती पंचनाम्याची, नमुन्याची, लाखेच्या सिलाची, आणि रासायनिक विश्लेषकाकडे मुद्देमाल कधी गेला व कधी परत आला याची. पुडीतील भुकटीत जी खडू-साखर मिसळलेली असते तिचे वजन धरावयाचे की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००८ साली एका निकालाने ते धरू नये असे ठरले आणि २०२० साली, हिरासिंग यांच्या खटल्यात, ते धरले पाहिजे असे ठरले. बारा वर्षे या देशातील विद्वान विधिज्ञांनी खडूच्या वजनावर युक्तिवाद केला. तो निरर्थक होता असे मी म्हणत नाही, कारण त्यावर माणसांची दहा-दहा वर्षांची कैद अवलंबून होती. परंतु ज्याच्याजवळ ती भुकटी सापडली तो ती विकणारा आहे की तिच्यावाचून उठूच न शकणारा आहे, हे तराजूच्या काट्यावरून कळत नाही. आणि न्यायालयाजवळ काटा तेवढा आहे.

यासंबंधी एक पाहिलेली गोष्ट सांगतो. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत आरोपीस दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, हा नियम आपणांस ठाऊक आहे. नागरिकाच्या स्वातंत्र्याचा तो मोठा आधार आहे. आता हेरॉइन घेणाऱ्याच्या शरीराचा नियम पाहा. शेवटच्या मात्रेनंतर साधारण आठ ते बारा तासांनी त्याच्या अंगात वेदना सुरू होतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या कळसास पोहोचतात आणि आठवड्याने ओसरतात. या अवस्थेला ती भोगणारी पोरे ‘टर्की’ म्हणतात. तिचा आरंभ मोठा फसवा असतो. नाक गळते, डोळ्यांना पाणी येते, अंगावर काटा उभा राहतो आणि जांभयांवर जांभया येऊ लागतात. म्हणजे कायद्याचे चोवीस तास आणि देहाचे चोवीस तास नेमके एकाच ठिकाणी येऊन भिडतात. अशा एका पोराला मी पिंजऱ्यात उभा पाहिला आहे. वय विशीच्या आत, आणि हात जोडलेले असतानाही त्याला एकसारख्या जांभया येत होत्या. शिरस्तेदाराला तो कोर्टाचा उपमर्द वाटला आणि शिपायाने त्याला दरडावले. पोराने तोंडावर हात धरला. पोलिस कोठडीचा अर्ज मंजूर झाला, पुढचे प्रकरण पुकारले गेले. त्या खोलीत कायदा जाणणारी निदान दहा माणसे होती. तो आजारी आहे असे म्हणणारा एकही नव्हता.

कोणी म्हणेल की, तुरुंगात टाकले म्हणजे आपोआप सुटते. आठ दिवस तळमळेल, मग सुटेल. यात अर्धे सत्य आहे आणि ते अर्धेच जीवघेणे आहे. शरीर आठवड्यात सुटते हे खरे. परंतु ज्या मेंदूने वर्षानुवर्षे त्या द्रव्याची सवय केली त्याची ओढ महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे टिकते. रस्त्यात पडलेला चकचकीत कागदाचा तुकडा, जुना सोबती, अमुक स्थानकावरील अमुक पूल, एवढ्यानेही ती उसळून येते. आणि याहून गंभीर गोष्ट अशी की, काही काळ द्रव्य न मिळाल्यामुळे देहाची सोसण्याची शक्ती मात्र कमी झालेली असते. अशा वेळी सुटून आलेला मनुष्य पूर्वी पचत असे तीच मात्रा घेतो आणि श्वास बंद पडून मरतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील तुरुंगांतून सुटलेल्या कैद्यांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली, तीत सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर नागरिकांच्या बारा-तेरापट आढळला, आणि त्या मृत्यूंचे अग्रगण्य कारण अमली पदार्थांची अतिमात्रा हेच होते. आपल्या कायद्याच्या २७ व्या कलमाखाली हेरॉइन-सेवनास एक वर्षापर्यंत कैद आहे. औषधोपचारावाचून भोगलेली ही कैद म्हणजे, न्यायाधीशाच्या मनात नसलेली आणि निकालपत्रात न लिहिलेली दुसरीच एखादी शिक्षा ठरण्याचा संभव असतो.

येथे मला ‘एकच प्याला’ हे नाटक आठवते. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत, १९१९ साली, गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले आणि तेव्हापासून महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या त्यातील नायिका सिंधूसाठी रडल्या. मीही रडलो आहे. परंतु उतारवयात ते नाटक पुन्हा वाचताना माझे लक्ष सिंधूवरून तिचा पती सुधाकर याच्याकडे गेले. हा बुद्धिमान वकील, मानी, तापट; त्याची सनद तात्पुरती काढून घेतली जाते आणि त्या अपमानाच्या क्षणी तळीराम त्याच्या हाती प्याला देतो. मध्यंतरी तो दारू सोडतोही! परंतु सोडल्यानंतर पोटापाण्याच्या उद्योगासाठी तो ज्यांच्या दारी जातो ते त्याला झिडकारतात, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. उलट, प्रेमभंगाने दारूकडे वळलेला भगीरथ सावरतो, कारण सुधाकराचा मित्र रामलाल त्याला उपदेशाबरोबर एक कार्य देतो, सोबत देतो. सुधाकराला पतिव्रता पत्नी आहे, जिवाचा मित्र आहे, उपदेश तर विपुल आहे. नाही ती एवढीच गोष्ट, की ज्या ठिकाणी जाऊन तो म्हणू शकेल, मला हे सुटत नाही, मला घेऊन ठेवा, असे ठिकाण त्या अख्ख्या नाटकात नाही. वैद्य आणि डॉक्टर रंगमंचावर येतात ते तळीरामाच्या अखेरीच्या प्रवेशात, आणि तेही प्रेक्षकांना हसविण्यासाठी. हा गडकऱ्यांचा दोष नव्हे. १९१९ च्या महाराष्ट्रात असे ठिकाण नव्हतेच, आणि खरा नाटककार नसलेली वस्तू दाखवीत नाही. आपण मात्र त्या नाटकातून एवढेच शिकलो की, सिंधूने सोसावे आणि सुधाकराने मरावे.

असे ठिकाण पुण्यात निघावयास १९८६ साल उजाडले. अनिल अवचट यांनी गर्दच्या आहारी गेलेल्या मुलांवर लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी द्रव्यसाहाय्य पुढे केले. आणि मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांनी त्या वर्षीच्या २९ ऑगस्टला, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, ‘मुक्तांगण’ सुरू केले. या संस्थेची स्तुती पुष्कळांनी केली आहे, म्हणून मी तिच्या एकाच विशेषावर बोलतो. तेथे आलेल्या मनुष्याचे शरीर शुद्ध करण्याचे काम काही दिवसांचे. त्यापुढे तो पाच आठवड्यांच्या आसपास राहतो, आणि या मुदतीत त्याला औषधांहून अधिक जे मिळते ते म्हणजे दिनक्रम. पहाटे उठणे, व्यायाम, झाडलोट, गटात बसून बोलणे, ऐकणे; आणि त्याच्याकडून हे करवून घेणारे कार्यकर्ते स्वतः कधी काळी याच दारातून रुग्ण म्हणून आत आलेले. पुन्हा घसरला तर त्याला तेथे ‘स्लिप’ म्हणतात आणि पुन्हा आत घेतात. बाहेरच्या माणसाला हे लाड वाटतात. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली म्हणून त्याला दवाखान्यातून हाकलून देणाऱ्या डॉक्टरविषयी आपण काय म्हणू, याचा त्याने विचार करावा. कारण व्यसन हा तसाच दीर्घकाल मागे लागणारा आणि वारंवार उलटणारा रोग आहे, हे आता वैद्यकात वादाचे राहिलेले नाही.

भोवतालच्या परिस्थितीचे बळ किती असते याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेच्या सैनिकांत हेरॉइन इतके पसरले की, १९७१ साली अमेरिकेचे सरकार धास्तावले. ली रॉबिन्स या विदुषीने मायदेशी परतलेल्या सैनिकांची पाहणी केली, तेव्हा पाचांपैकी सुमारे एक सैनिक तेथे व्यसनाधीन झालेला आढळला. परंतु परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्यांपैकी शंभरात पाचच पुन्हा व्यसनाधीन झाले. यावरून व्यसन हे नुसते मनाचे दौर्बल्य आहे आणि निश्चय केला की सुटते, असा अर्थ काढणारे लोक आहेत. मला तो मान्य नाही. त्या सैनिकांना परत जाण्यास गाव होते, घर होते, आणि ज्या रानात ते व्यसन लागले ते हजारो कोस मागे राहिले होते. धारावीच्या किंवा भिवंडीच्या पोराला आपण ज्या गल्लीतून उचलून आणतो त्याच गल्लीत परत पाठवितो.

औषधांविषयी थोडेसे. अफूच्या जातीच्या द्रव्यांवर आज गुणकारी औषधे उपलब्ध आहेत. न्यूयॉर्कमध्ये डोल आणि निस्वँडर या डॉक्टरद्वयाने १९६५ साली मेथाडोनचा प्रयोग प्रसिद्ध केला. पुढे ब्युप्रेनॉर्फीन आले, जे जिभेखाली ठेवावयाचे असते. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली या दोहोंना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. ही औषधे रोज देखरेखीखाली दिल्यास ओढ शमते, सुई सुटते, मनुष्य कामावर जाऊ लागतो आणि मृत्यूचे प्रमाण ठळकपणे घटते. परंतु आपल्या घरांतून याला मोठा विरोध होतो. एक नशा सोडवून दुसरी लावता काय, असे मुलाचा बाप विचारतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत परस्पर औषध बंद करवितो. त्या बापाच्या तळमळीविषयी मला आदर आहे. त्याच्या निर्णयाविषयी नाही. ज्या मुलाला वर्षभर गोळी घेऊन जगता येते त्याने दोन महिन्यांत ‘स्वच्छ’ होऊन मरावे, हा हट्ट धर्माचाही नव्हे आणि शास्त्राचाही नव्हे. मेफेड्रोनची, म्हणजे ज्याला मुले ‘एमडी’ म्हणतात त्या भुकटीची, गोष्ट निराळी. २०१५ च्या आरंभापर्यंत ते एन. डी. पी. एस. कायद्याच्या अनुसूचीतच नव्हते. आणि त्यावर ब्युप्रेनॉर्फीनसारखे सिद्ध औषध आजही नाही, तेथे समुपदेशन आणि सोबत यांवरच सारी भिस्त ठेवावी लागते. मालेगावकडे ‘कुत्ता गोळी’ म्हणून जी विकली जाते ती तर औषधाच्या दुकानातली झोपेची गोळी आहे.

आणि ज्याच्याजवळ वजन करण्याजोगे काहीच सापडत नाही, तो तर कायद्याला दिसतच नाही. कोणत्याही मोठ्या स्थानकाच्या फलाटाच्या टोकाला जा. पंक्चर काढण्याचे सोल्यूशन किंवा व्हाइटनर फडक्यावर ओतून ते हुंगणारी दहा-बारा वर्षांची मुले तेथे बसलेली दिसतील. २०१९ साली दिल्लीच्या एम्स संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली, तीत एवढा एकच प्रकार असा निघाला की ज्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांत अधिक आहे. सोल्यूशन हे जप्त करण्याजोगे द्रव्य नव्हे. तेव्हा त्या मुलांचा पंचनामा होत नाही. त्याच पाहणीत दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी जेमतेम एकाला कसला ना कसला उपचार मिळाल्याचे दिसून आले. उरलेल्या सदतीस जणांविषयी मी काही अलंकारिक बोलू इच्छित नाही.

आता कायद्याने यावर काहीच योजिले नाही असे समजू नये, कारण ते सत्य नाही. एन. डी. पी. एस. अधिनियमातच ६४-अ हे कलम आहे. त्याअन्वये, सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी मनुष्य जर स्वेच्छेने सरकारी वा सरकारमान्य रुग्णालयात उपचार घेईल तर त्याच्यावर खटला चालवावयाचा नाही, आणि उपचार अर्धवट सोडल्यास ती सवलत मागे घेता येते. ३९ वे कलम आहे. दोषी ठरलेल्या व्यसनी मनुष्यालाही त्याच्या संमतीने मुचलक्यावर उपचारासाठी सोडता येते. ७१ वे कलम आहे, ज्याने सरकारला व्यसनी लोकांचा शोध, उपचार आणि पुनर्वसन यांसाठी केंद्रे काढण्याचा अधिकार दिला आहे. परंतु अधिकार दिला आहे, बंधन घातलेले नाही. आणि केंद्र नसेल तेथे ६४-अ कलम ही भिंतीवर रंगविलेली कमान ठरते. अशा कमानीसमोर आरोपीला नेऊन उभा करणारे वकील मी फार थोडे पाहिले. किती आरोपींना हे कलम आहे हेच कोणी सांगत नाही! पोर्तुगालने २००१ साली यातून एक मार्ग काढला. तेथेही आरंभ वजनानेच होतो, दहा दिवसांच्या गरजेइतके द्रव्य ही मर्यादा आहे. पण त्या मर्यादेच्या आतला मनुष्य फौजदारी न्यायालयापुढे न जाता तीन जणांच्या मंडळापुढे जातो, ज्यात कायद्याच्या जोडीला मानसशास्त्र आणि समाजकार्य जाणणारी माणसे बसतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न त्याच्या प्रकृतीविषयी असतो. ती व्यवस्था जशीच्या तशी येथे आणावी असे माझे म्हणणे नाही. आपल्या ६४-अ कलमाचा अंमल केला तरी पुष्कळ होईल.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जेथे सरकारी सोय नाही तेथे खाजगी ‘केंद्रे’ उगवतात, आणि त्यांपैकी काहींत उपचार म्हणून मनुष्याला साखळीने बांधतात, मारतात, नातलगांना भेटू देत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने व्यसनजन्य विकारांचा मानसिक आजारांत समावेश केला आहे, अशा संस्थांना नोंदणी बंधनकारक केली आहे, आणि रुग्णास साखळदंडाने बांधण्यास सक्त मनाई केली आहे. तेव्हा मुलाला कोठे ठेवण्यापूर्वी तेथील नोंदणीचा दाखला पाहण्यास मागा, आणि तेथे मनोविकारतज्ज्ञ येतो काय, कधी येतो, हे विचारा. दाखला दाखविण्यास जो कुरकुरेल त्याच्या दारात मुलाला सोडून येऊ नका.

या सभागृहात वकील आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, धर्मादाय संस्थांचे विश्वस्त आहेत. त्यांना माझी विनंती मोठी नाही. वकिलांनी अल्प मात्रेच्या प्रकरणात पहिल्याच तारखेला आरोपीची वैद्यकीय तपासणी मागावी आणि ६४-अ कलमाचा अर्ज लेखी द्यावा. नामंजूर झाला तरी तो दप्तरात राहील. अधिकाऱ्यांनी ते कलम सोप्या मराठीत छापून प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर लावण्याचा हुकूम मिळवावा, आणि त्याखाली १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय साहाय्य-क्रमांक लिहावा. विश्वस्तांनी, आपल्या जिल्ह्यात सरकारमान्य उपचारकेंद्र कोठे आहे, तेथे खाटा किती आहेत आणि ब्युप्रेनॉर्फीन मिळते काय, याची लेखी विचारणा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे उद्या करावी. आणि खाट नाही असे उत्तर आले तर एका खाटेचा खर्च आपल्या येत्या अंदाजपत्रकात धरावा.